अकराचं पाणी

प्रिय घड्याळजी,

टण् टण्. लोखंडी पाइपावर स्टीलचा पेला, दोनदा. इतकी वर्षं झाली, पण हा आवाज आठवला की अजून माझा हात बादलीकडे जातो. तुझ्या दुकानातली सगळी घड्याळं मिळून जे सांगू शकत नव्हती, ते आपल्या दोघांच्या न्हाणीघरांतून वर गेलेला तो एक पाइप सांगायचा. तू चौथ्या मजल्यावर, मी तिसऱ्यावर. पाणी अकराला यायचं म्हणे, पण कधी पावणेअकरा, कधी साडेअकरा, आणि अर्ध्या तासात गुल. ज्याला आधी कळेल त्याने दोन ठोके द्यायचे, म्हणजे पाणी आलं. दुसऱ्याने एक परत द्यायचा, म्हणजे कळलं. तू दहालाच दुकान उघडायला जायचास, त्यामुळे वरचे ठोके नेहमी वहिनींचे. मी घरी बसून दुकानांच्या पाट्या रंगवत असायचो. हातातला ब्रश न सोडता त्याच्या मागच्या टोकानेच एक ठोका द्यायचो. वहिनी जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, ‘पेंटरभावजी, तुमचा ठोका फार आळशी हो!’

माझं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात. लिफ्ट दोन महिने बंद आहे. तक्रारीसाठी फोन केला की एक बाई म्हणते तीन दाबा, आणि तीन दाबलं की तीच बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. वॉचमनला म्हटलं, ही बाई भेटली तर माझा नमस्कार सांग. तो म्हणाला, ‘काका, तिला भेटायलाही तीनच दाबावं लागेल.’ समोर दोन टोलेजंग इमारती उठल्या. आता त्यांच्या फटीतून ऊन येतं ते सव्वानऊला, चाळीस मिनिटं. खुर्ची सरकवत सरकवत मी त्या उन्हाच्या मागे खोलीभर फिरतो आणि शाळेतल्या कविता चालीवर म्हणतो. मधलंच एखादं कडवं गळतं, मग तेवढं गुणगुणून पुढे जातो. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवर अजून माझीच अक्षरं आहेत, ‘उद्या मिळेल’. बाकी गावभर छापील फलक झाले. रोज भाजी घेऊन येताना त्या दोन शब्दांखाली मी मिनिटभर उभा राहतो. लाँड्रीवाला हसतो. हसू दे.

कविता म्हटलं की ती वही आठवली. सातवीत बाईंनी फळ्यावर लिहिलेल्या सगळ्या कविता मी तीत उतरवल्या होत्या, समासात वेलबुट्टी काढून. तुझ्या न्हाणीघराची गळती माझ्या कपाटात उतरली आणि वहीचा लगदा झाला. तू म्हणालास, ‘अरे, पुस्तकं मिळतात की बाजारात!’ मला ते लागलं, गड्या. साठीला आलेला माणूस एका वहीसाठी रुसतो याचं तुला हसू आलं, आणि त्याचंच मला जास्त लागलं. मी बोलणं बंद केलं. वरून ठोके आले तरी उत्तर द्यायचं नाही, असं ठरवलं. सहा दिवस वहिनींनी इमानाने दोन ठोके दिले. सहा दिवस मी गप्प.

तुला मुद्दाम एक गोष्ट कळवायची आहे. गेल्या महिन्यात सोसायटीने जुना लोखंडी पाइप काढला. वरपासून खालपर्यंत तुकडे केले, भंगारवाला हातगाडीवर घालून घेऊन गेला, मी गॅलरीतून पाहिलं. आता बाहेरच्या भिंतीवरून प्लास्टिकचा पाइप आहे, आणि पाणी दिवसभर असतं. अकराची वाट बघायचं कुणालाच कारण उरलेलं नाही. पण एकोणीस दिवस झाले, रोज अकराच्या सुमाराला भिंतीतून टण् टण् येतं. प्लास्टिकचा बद्द आवाज नव्हे, लोखंडाचा. प्लंबरला बोलावलं. त्याने भिंत ठोकून पाहिली, म्हणाला, ‘काका, आत काही नाही. तुमचे कान वाजतात.’ वॉचमनला घेऊन वर गेलो. घर सोडताना तू लावलेल्या कुलपावर गंज चढलाय, उंबऱ्यावर धुळीचा थर, त्यावर कुणाचं पाऊल नाही. आम्ही उभे असतानाच अकरा वाजले. तो मोबाइलमध्ये बघत होता. मी दाराला कान लावला. आतून आवाज आला, आणि त्यानंतर थोडा वेळ, कुणीतरी उत्तराची वाट बघत थांबावं, तशी शांतता. मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘बाबा, आता पुरे, रविवारी न्यायला येते.’ तिचंही चुकत नाही.

भीती वाटते का म्हणशील, तर वाटते. पण भुताची नाही. तो आवाज माझ्या ओळखीचा आहे, याची वाटते.

आता लिहितोच. अबोल्याच्या सातव्या दिवशीही ठोके आले होते. तू हॉस्पिटलच्या बाकावर बसून मला विचारलंस, ‘तुला काहीच ऐकू आलं नाही का रे?’ आणि मी म्हणालो, नाही, नळ चालू होता. नळ चालू नव्हता. पाणी त्या दिवशी आलंच नव्हतं. अकराला दोन ठोके आले. मी म्हटलं, समेट करायला बघतायत. पुन्हा दोन आले. पुन्हा दोन. नळ तर कोरडा होता, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मला वाटलं, चिडवतायत, आणि मी रेडिओ मोठा केला. वहिनी न्हाणीघरात पडल्या होत्या; पडल्या जागेवरून त्यांचा हात फक्त पाइपापर्यंत पोचत होता, आणि मदतीची खूण आपण कधी ठरवलीच नव्हती. त्यांच्याजवळ ते दोनच ठोके होते. संध्याकाळी तू येईपर्यंत त्या तिथेच होत्या. तिसऱ्या दिवशी गेल्या, आणि मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून रडलो. अकरा वर्षं तू मला मित्र म्हणत आलास, ते त्या एका ‘नाही’वर. तुझं घर विकायला निघालंय असं ऐकलं. रविवारी मीही इथून जाईन. त्याआधी एकदा भिंतीवर एक ठोका द्यावा असं रोज वाटतं, कळलं एवढंच सांगायला. ब्रश हातात घेतो आणि ठेवून देतो. तुला खरं सांगितल्याशिवाय तो ठोका द्यायचा मला हक्क नाही. देऊ की नको, ते तू सांग. शिव्या दे, पण उत्तर दे, म्हणून हे पत्र.

थांब. दाराबाहेर कुणीतरी आलंय. मुलगी इतक्या लवकर यायची नाही. दाराच्या भिंगातून बघून आलो. अरे, तू आहेस! केस सगळे पांढरे, डावा खांदा उतरलेला, हातात साधी पिशवीसुद्धा नाही. न कळवता, न बोलावता. बेलवर बोट आहे, पण तू ती दाबत नाहीस. मान वर करून ऐकतोयस. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून एक मिनिट झालंय. दार उघडतो. आत यायच्या आधी हे वाच.

तुझाच म्हणायला धजावणारा,
पेंटर