आईचं पथ्य

दि. ९ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुझी सर्दी गेली का? चष्म्याच्या दुकानात मी हल्ली सकाळचीच पाळी करते, दुपारनंतर आईपाशी असते. फोनवर तू स्पीकर लावतोस आणि अख्खं घर ऐकतं, म्हणून लिहिते.

आईच्या विसरण्यावर पथ्याचा गुण येतोय का, असं तू दर वेळी विचारतोस. मी "बघू या" म्हणून विषय बदलते.

तू सांगितलंस तसंच सगळं केलं. पाव, भात, बटाटा, साखर बंद. लोण्यात अंडी, मासा, अक्रोड आणि वर चमचाभर खोबरेल तेल. थकलेल्या मेंदूला साखर नीट वापरता येत नाही, मग शरीर चरबीतून कीटोन बनवतं आणि मेंदू त्यावर चालतो, हे तू मला लहान मुलीसारखं समजावलंस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "करून बघा. काहींना थोडा फरक पडतो, पण खात्री नाही." आई ते तेल माझ्या हातावर थुंकायची. मी पुन्हा पाजायची.

आणि फरक पडला रे. पथ्याने की आपोआप, कोण जाणे. एका सकाळी तिने चष्मा मागितला, पेपर उघडला आणि त्यात छापलेल्या बेरजेतली चूक काढली. अगदी पूर्वीची गणिताची बाई! मला रडूच आलं. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तू अजून इथेच? नवऱ्याने परत नेलं नाही वाटतं?"

"नाही, आई."

"नेईल कशाला? आरशात बघतेस ना कधी?"

मग रोज तेच. चहा पाणचट, माझं चालणं म्हशीसारखं. "धाकट्याला बोलाव. तो असता तर मला असलं तेल पाजलं नसतं." मला हसू फुटलं. "हसू नकोस, हिरड्या दिसतात."

त्याआधीची दोन वर्षं तू पाहिलीच नाहीस. मी कोण, हे तिला कळायचं नाही. पण उशाशी बसले की डोक्यावरून हात फिरवायची. "किती दमलीस गं पोरी. तुझी आई वाट बघत असेल." जन्मात ती माझ्याशी असं बोलली नव्हती.

पंधरवडाभर ऐकून घेतलं. मग एकदा तिच्यापुढे साखर पेरलेला पाव ठेवला.

"हे मला चालत नाही ना?" तिला सगळं कळत होतं.

"चालतं. धाकट्याने सांगितलंय."

तुझं नाव ऐकून तिने निमूटपणे खाल्लं. दुसऱ्या दिवशी स्वतःच मागितलं.

आता ती पुन्हा त्याच विस्मरणात गेलीय. डॉक्टरीणबाई म्हणतात, आजार पुढे सरकला, पथ्य पाळूनही हे झालंच असतं. पावाचं मी त्यांना सांगितलेलं नाही. काल आईने स्वतःच्या हाताने मला घास भरवला.

तुला तुझी आई हवी असेल तर येऊन घेऊन जा. लोणी घाल, तेल पाज. ओळखेलही तुला, तुझ्यावर तर तिचा जीव. ते जमणार नसेल, तर आज तिने काय खाल्लं हे मला यापुढे विचारायचं नाही.

मुलांना गोड पापा.

तुझी,
आणि आता तिचीही लाडकी,
ताई