कवितेवर चालणारी नाव

प्रिय इलाहीचाचा,

"कविता म्हण गड्या, मगच वल्हं मारतो!" भर कृष्णेत नाव थांबवून बोलणारा तुमचा तो आवाज अजून कानात आहे. मोठ्यांकडून तुम्ही नावेच्या भाड्यापोटी सुगीला जोंधळे घ्यायचात, हरिपूरच्या शाळेला निघालेल्या आम्हा पोरांकडून कविता. मी अडखळत बोलायचो, म्हणून वर्गात तोंडच उघडत नसे. नावेत मात्र तुम्ही सगळ्यांना दम भरायचात, "जो हसंल, त्यो पवत जाईल!" मग माझं एकेक कडवं पाण्यावरून सावकाश पैलतीराला जायचं. त्याच जिभेवर मी जन्मभर मुलांना कविता शिकवल्या. चाचा, हे तुमचं देणं.

गेल्या महिन्यात अर्धांगाचा झटका आला आणि बोलणं पुन्हा अडखळू लागलं. घरच्यांपुढे लाज वाटते, म्हणून गप्पच असतो. तुम्ही मिरजेला लेकीकडे असता असं कळलं, म्हणून निदान लिहून तरी...

दारात कुणी आलंय. सूनबाई सांगतेय, "आवं मामंजी, इलाहीचाचा आल्यात, नातीचा हात धरून!" आणि मागून तुम्हीच, "नाथा, तुझं दुखणं कळलं, पुलावरनं आलो रं! लय धूळ!"

पत्र इथंच थांबवतो, चाचा. जमेल तेवढं तोंडानंच सांगतो.

तुमच्या नावेतला,
नाथाजी