विटेचा शेक

मंगळवार, संध्याकाळ. म्हसावद.

आईने आज दादाच्या पायाला शेक दिला. तापवलेली वीट, फडक्यात गुंडाळून. मी शाळेतून आले तर पोटरीवर तळहाताएवढा फोड, आणि दादा खुशाल मोबाईलवर मॅच बघतोय.

केळीच्या ट्रकवरून पडल्यापासून त्याला कमरेखाली काही जाणवत नाही. काल डॉक्टर म्हणाले, मणक्याच्या आत नसांना सूज आहे आणि तिथे वण धरतोय. तो वण नसा पुन्हा जुळू देत नाही. तो कमी करणाऱ्या औषधावर अजून संशोधनच चाललंय. घरी येऊन मीच हे आईला सांगितलं. तिने त्यातली 'आत सूज' तेवढी धरली, आणि पाय हलत नाहीत म्हणून ती पायातच आहे असं समजली.

मी ओरडले तिच्यावर. नको होतं ओरडायला.

"डॉक्टरच बोलना ना, मझार सूज शे? मंग मी शेक दिधा."

पाठीवरची जखम भरली तेव्हा आम्ही देवाला नारळ फोडला होता. आणि आतली जखम भरतेय, तीच वाट अडवतेय? हे तिला कसं समजावू? मलाच पटत नाही. सूज उतरली की पोरगा उठेल, असं ती कालपासून गल्लीभर सांगत फिरतेय.

फोडाला मलम लावता लावता आई थांबली. तिचा स्वतःचा तळहात लाल झाला होता. तो बघत हळूच म्हणाली, "फडकामाईन मन्हा हात भाजाई गया. तो वरडना कसा नही?"

दादाने मॅचचा आवाज वाढवला.