मुळ्यांच्या मांडवाशेजारचं फार्म

२ डिसेंबर

आज आणखी दोन क्रौंच मेलेले सापडले. खाडीकडच्या शेतात, पाण्यात उभ्या असलेल्या थव्यापासून जरा बाजूला. पशुवैद्यांनी घशातून नमुने घेतले, पिशव्या बंद केल्या. बर्ड फ्लूच असणार – आधीच्या सगळ्यांत तोच निघाला. पहाटे क्रौंच मोजायला येणारे म्हातारे बांधावर उभे होते. एकाने टोपी काढली, मग सगळ्यांनीच काढली.

आमचे संपादक हिदाकासान फोनवर म्हणाले, "क्रौंच पुरे झाले आता, रित्सुको. कोंबड्यांचं काही झालं तर कळव."

थंड माणूस. पण बरोबर बोलतो.

५ डिसेंबर

झालं! टेकडीच्या रस्त्यावर ज्या कोंबड्यांच्या शेड आहेत, त्यातल्या एका फार्मात पक्षी पटापट मेले. तपासणीत फ्लू निघाला. सरकारी निवेदनात फक्त गावाचं नाव. फार्मचं नाव ते देत नाहीत, आम्हीही छापत नाही. ज्याच्यावर वेळ आली त्याला उद्या गावात तोंड दाखवता यावं म्हणून. चांगला नियम आहे.

रस्ता पायथ्याशीच बंद. चुना टाकून सगळं पांढरं केलंय. दोरीच्या अलीकडे दिवसभर उभी राहिले, बोटं बधिर झाली. वर नुसते तंबू दिसत होते आणि पांढऱ्या पोशाखातली माणसं. लिहायला काही नव्हतं. शेवटी हे लिहिलं –

"फाटकाशेजारी बांबूच्या मांडवावर पांढरे मुळे वाळत टाकले आहेत, त्यांच्याखालून पांढरी माणसं एकेक करून आत जातात."

हिदाकासाननी म्हणे ते कचेरीत मोठ्यानं वाचून दाखवलं. "याला म्हणतात नजर!" मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

६ डिसेंबर

सकाळी आईने पेपर उघडला आणि चमचा खाली ठेवला.

"अगं बाई! मियाझोनोंचं गेलं?"

"आई, नाव कुठे आहे त्यात?"

"मुळे आहेत ना! फाटकाशी मांडव घालतं कोण दुसरं? फुसाएच. दरवर्षी तिचेच मुळे आणून आपण लोणचं घालतो. तूच जातेस आणायला!"

मीच जाते. गेल्या वर्षीही गेले होते. त्या मांडवाखाली उभं राहून चहा प्यायले होते.

७ डिसेंबर

ते वाक्य काढलं असतं तर बातमीचं काहीही बिघडलं नसतं.

१० डिसेंबर

फुसाएसानची मुलगी चिकाको पाळणाघरात स्वयंपाक करते. तिला "काही दिवस घरीच थांबा" म्हणून सांगितलंय. मुलांच्या आयांनी तक्रार केली. चिकाको लग्न झाल्यापासून गावातल्या घरात राहते, आईच्या शेडमध्ये महिनोन्महिने पाऊल टाकत नाही. पण कोण ऐकतंय!

तिथल्या मुख्याध्यापिकेला फोन केला. बाई अगदी गोड बोलल्या.

"आम्ही नाही हो कोणाचं नाव घेतलं. तुमच्याच पेपरात आलं ना?"

मग हिदाकासानना म्हटलं, दुरुस्ती छापू या.

"कशाची? तिथे मुळे नव्हते?"

"होते."

"मग? खरं तेच लिहिलंस की."

तीस वर्षं मीच हाताखालच्यांना सांगत आले – डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहा.

१३ डिसेंबर

कोंबड्या मारून पुरण्याचं काम काल संपलं. खड्ड्यावर चुना, वर माती. निवेदनात होतं तेवढंच लिहिलं. एकही विशेषण घातलं नाही. आता सुचतंय शहाणपण.

फुसाएसानकडे जायला हवं. आज गेले नाही. कालही नव्हते गेले. काम होतं – असं म्हणायचं.

१८ डिसेंबर

आज गेले. पायथ्याशी गाड्यांची चाकं फवारून धुतात तिथे फुसाएसान भेटली, टपालगाडी वर जात नाही म्हणून पत्रं न्यायला उतरली होती. लाल बीनच्या गोड वड्यांचा खोका दोन्ही हातांनी पुढे केला, कमरेत वाकले, वाकलेलीच राहिले. फवारणीवाला पोरगा तोंड वळवून उभा.

"ऊठ बाई, पाठ धरेल," ती म्हणाली.

"तुमचं एवढं गेलं, आणि वर मी –"

"गेलं ज्याचं त्याचं. तू पक्षी मारलेस का?"

"चिकाकोचं काम गेलं माझ्यामुळे."

तिने खोका घेतला. तेवढ्यानेही मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्याचीही लाज वाटली. म्हटलं, माझ्या नावानिशी माफी छापते.

"नको!" पहिल्यांदाच आवाज चढला तिचा. "माफी नको, दुरुस्ती नको. तू काही लिहिलंस की सगळे पुन्हा वर बघणार. गप्प बसायला जमेल का तुला, रित्सुको?"

जमेल म्हटलं. ती रागावलेलीच असणार. रागावायलाच हवं.

२८ डिसेंबर

वाडीच्या सभागृहात नव्या वर्षाच्या मोचीसाठी – चिकट भाताच्या गोळ्यांसाठी – भात कुटायचा दिवस. वाफाळता भात उखळात उलथायला दरवर्षी फुसाएसान बसते; मोगरी पडायच्या आत हात काढणं तिच्याइतकं कोणाला साधत नाही. यंदा तिला बोलावलंच नाही. कोणी तसं ठरवलं नव्हतं – फक्त फोन कोणी केला नाही. मीही नाही.

एक बाई म्हणाली, "हात धुतले असते तरी मनात आलंच असतं ना."

दुसरी म्हणाली, "आणि दार बंद करून बसलेत. गावाची माफी मागायला एक खोका घेऊन घरोघर फिरायला काय झालं होतं?"

मी भात उलथत होते. मोगरी बोटांवर बसली. आई म्हणाली, "लक्ष कुठे आहे तुझं?" घरी येताना तिनेच सांगितलं – पाळणाघराने दुसरी स्वयंपाकीण ठेवली. कायमची.

१ जानेवारी

शुभेच्छापत्रं आली. फुसाएसानचंही. नेहमीसारखं, हाताने लिहिलेलं. मी तिला पाठवलं नव्हतं. काय लिहावं ते ठरत नव्हतं.

५ जानेवारी

निर्बंध उठले. दोरी काढली. हिदाकासान म्हणतात, वर जाऊन ये, रिकाम्या शेडवर चार ओळी दे. "तुझी ती नजर!" सर्दी झालीय म्हणून सांगितलं.

पेपरसाठी नाही, पण जायला हवंच. चिकाकोसाठी दुसरीकडे शब्द टाकलाय, तेवढं सांगून येईन.

८ जानेवारी

चढावर गाडी लावून चालत गेले. वळणावरच आवाज कानावर आला. आधी वारा वाटला. मग कळलं – कोंबड्या. शेडच्या शेड भरून, जिवंत, आरडाओरडा करताहेत.

या रस्त्यावर मियाझोनोंच्या वर एकच फार्म आहे – तोकुदोमेसानचं. गेल्या वर्षी बायको गेल्यापासून तो एकटाच राहतो. म्हणजे फ्लू त्याच्या शेडमध्ये निघाला होता; सरकारी तंबूंसाठी फुसाएसानने आपलं अंगण दिलं होतं, एवढंच.

ती खाद्याची बादली घेऊन बाहेर आली. मी फाटकातच उभी.

"त्याची मुलगी येतेय ओसाकाहून," ती म्हणाली. "तोवर त्याला एकटं सोडायचं नाही. मी दोन वेळा जेवण नेते. गावाला त्याचं नाव कळलं तर तो जेवणार नाही."

मग म्हणाली, "फाटक लाव मागे. आवाज खाली रस्त्यापर्यंत जातो."