तर्कशास्त्राला किमान पंधरा

२ जून
विभागप्रमुख पद्मजा मॅडमचं फर्मान: यंदा विद्यार्थी ऐच्छिक पेपर ऑनलाइन निवडणार. ज्याने त्याने आपल्या पेपरचा फॉर्म बनवायचा. पंधराच्या खाली नोंदणी आली तर पेपर बंद. हे सांगताना सगळे माझ्याकडे बघत होते. चोवीस वर्षं तर्कशास्त्र शिकवतोय, फक्त खडूने. पंधरा पोरं म्हणजे किस झाड की पत्ती.

३ जून
कॉम्प्युटरचा आमोद म्हणाला, फॉर्म मी करून देऊ का सर? नको म्हटलं. टेक्नॉलॉजीला माझा विरोध तात्त्विक आहे, येत नाही म्हणून नाही. चार तासांत फॉर्म तयार. नीट चालतो ना, म्हणून पुन्हा पुन्हा भरून पाहिला. झकास चालतो.

७ जून, सकाळी ६.१०
एकोणीस नोंदी! उल्काला उठवून सांगितलं. बायको असून अभिनंदन नाही. दूध तापवा म्हणाली.

९ जून
स्टाफरूममध्ये 'टेक्नॉलॉजीला घाबरू नका' यावर चार शब्द बोललो. चाळीस मिनिटं झाली. शेवटी आमोद एकटाच उरला होता, त्याचा डबा व्हायचा होता. मोठा वर्ग मागून घ्यायचा. माइक नको.

१० जून
मॅडमनी यादी मोठ्याने वाचायला लावली. अबक. अबक दोन. कखग. टेस्ट. टेस्ट शेवटची. अठरा नोंदी माझ्याच ईमेलवरून. खरी एक, स्पृहा. मग पेपर बंद का, असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, बसा, पाणी घ्या.
घरी आल्यावर दूध तापवलं. फार वाईट वाटतंय.

११ जून
एक म्हणजे शून्य नव्हे, हे मॅडमना सिद्ध करून दाखवलं. वेळापत्रकाबाहेर शिकवायची परवानगी मिळाली. बुधवारी सकाळी आठ, झेरॉक्सशेजारची खोली. खरं शिक्षण एकास एकच असतं. पंधरा म्हणजे गर्दी.

१८ जून
आठला हजर. फळा स्वतः पुसला. साडेआठपर्यंत कोणी नाही. स्पृहाला फोन केला. फार नम्र मुलगी. बुधवारी तिचा जर्मनचा क्लास असतो. म्हणाली, सर तुम्ही शिकवा ना, रेकॉर्ड करून पाठवा, मी दीडपट स्पीडवर ऐकेन.
आमोदला बोलावलं. त्याने माझा फोन पहिल्या बाकावर पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला. कुठे बघून बोलायचं, विचारलं. तो म्हणाला, कुठेही बघा सर.