सखारामच्या दोन ओळींवरची फवारणी

आदरणीय दाजी,

सांडूचा साष्टांग दंडवत. अक्काचा गुडघा, तुमचं ब्लडप्रेशर आणि कंपनीतली शिफ्ट, तिन्ही जागेवर असतील असं धरून चालतो. फोनवर तुम्ही मला तिसऱ्या वाक्यापुढं जाऊ देत नाही (अक्का साक्षीला आहे), म्हणून कागद घेतला. येत्या रविवारी आमच्या अपेक्षाला बघायला तुम्ही पाहुणे आणताय. स्थळ चांगलं, मुलगा तुमच्याच कंपनीतला, सगळं कबूल. उत्तर शेवटी देतो. आधी फवारणीचं ऐका, कारण उत्तर तिथूनच निघतं.

यंदा कपाशीवर मावा आणि तुडतुडे इतके पडले की पान उलटून बघायची हिंमत होईना. बत्तीस वर्षं पाठीवर पंप घेऊन मी फवारलं, आता पाठच नको म्हणते. म्हणून गंगापूरहून ड्रोन बोलावला. मला वाटलं, एवढ्या मशीनबरोबर दोन-तीन दांडगे बाप्ये येतील. जीपमधून उतरली विशाखा, चोवीस वर्षांची, वैजापूरकडची, डोक्याला टोपी, पायात बूट. मी तिच्या मागं जीपमध्ये ऑपरेटर शोधत राहिलो. "काका, मीच हाय," ती म्हणाली. आमच्या हिनं मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि भक्तीच्या भरात त्याच्या कॅमेऱ्याच्या काचेलाही बोटभर फासलं. मशीन उडेचना. विशाखानं न हसता रुमालानं काच पुसली, प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि कामाला लागली. मी असतो तर दोन शब्द ऐकवले असते.

फवारायच्या आधी शेताची हद्द मशीनला दाखवावी लागते. रिमोट हातात धरून बांधाबांधानं चालायचं. तुम्ही चालाल तेवढंच ते फवारणार, वीतभर इकडं नाही की तिकडं नाही. घरातला कर्ता म्हणून मी चाललो. शेजारच्या रानाचा मालक, आमचा चुलतभाऊ सखाराम, याच्याशी बांधावरून माझं वीस वर्षं वाकडं आहे (चूक त्याची, पण ते असो). त्या बाजूला गेलो की माझे पाय आपोआप दोन ओळी त्याच्या रानात वळतात. तसे वळले. मशीननं आठ-नऊ मिनिटांत एकर ओला केला, आणि त्याच इमानानं सखारामच्या दोन ओळीही धुऊन काढल्या. निम्मं गाव बघत होतं. सखाराम धावत आला. मला वाटलं, आता काठी निघते. पण गड्याचा चेहरा खुललेला.

"दादा, लई उपकार झाले! उरलेलं रान बी असंच चुकून फवार की!"

गाव हसलं. दुसऱ्या एकराला विशाखानं रिमोट माझ्याकडं दिलाच नाही. तो अपेक्षाच्या हातात ठेवून म्हणाली, "तू चाल ताई. काकाच्या पायाला सवय हाय." अपेक्षा चालली. सखारामच्या बाजूला एका जागी थांबली, पायानं गवत बाजूला केलं आणि हद्दीचा दगड उघडा पाडला. वीस वर्षं तो गवताखाली मीच झाकून ठेवला होता. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि दगडाच्या अलीकडून, आपल्याच रानातून सरळ चालत गेली. मला राग यायला हवा होता. दाजी, खरं सांगतो, ऊर भरून आला. विशाखाशेजारी उभी राहून ती वर बघत होती, तसा तिचा चेहरा मी बारावीच्या निकालालाही पाहिला नव्हता. संध्याकाळी सखाराम आमच्या ओट्यावर चहा पिऊन गेला. त्यानं दोन कप घेतले.

बाकी इकडं खुशाली. अक्काला नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
सांडू

ता. क. १ : पाहुण्यांना दोन वर्षं थांबा म्हणून सांगा. थांबले तर ठीक, नाहीतर त्यांची मर्जी. मला नाही म्हणता येत नाही, हे तुम्हाला लग्नापासून माहीत आहे. म्हणून तुम्हीच सांगा.

ता. क. २ : विशाखानं अपेक्षाचं नाव शहरातल्या ड्रोनच्या ट्रेनिंगला घातलंय. बजाजनगरात अक्काचं घर असताना पोरीनं परक्याकडं राहावं हे बरं दिसत नाही.

ता. क. ३ : हे पत्र टपालानं आलेलं नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. पुरतं वाचून होईपर्यंत बोलायचं नाही, अशी शपथ घालून पाठवलंय, म्हणून पोर पिशवी घेऊन उंबऱ्याबाहेर गप उभी आहे. तिला आत घ्या.