स्फटिक घासणारीचा श्वास

कोकिळाबेन, हे पत्र घासायच्या चाकावर बसणाऱ्या सगळ्याजणींना वाचून दाखव. आपल्या खंभातच्या गल्लीत स्फटिकाच्या धुळीने माणूस नेला नाही असे घर उरलेले नाही. आपले तर बापूजी गेले.

मी ऋषिकेशला स्फटिकांच्या दुकानात खुशाल आहे. काल एका बाईंनी तू घासलेला स्फटिक तळहातावर धरून डोळे मिटले.

"याने श्वास किती खोल जातो, दादा!"

"घासणारीचा जात नाही, ताई."

"मग तिची साधना कच्ची असेल!"

तुझा खोकला कसा आहे? आई म्हणते, कमी आहे. बापूजींच्या वेळीही ती हेच म्हणायची.

शेठ धूळ ओढणारा पंखा बसवत नाही ना? पत्र वाचल्याच्या दुसऱ्या सकाळी सगळ्याजणी चाके फिरवणारे पट्टे काढा आणि त्याच्या ओट्यावर नेऊन टाका.

तुझा मोठा भाऊ,
रायजी